‘दोन दिवसांनी’ म्हटलं आणि दोन वाजता फोन आला : चिनीतल्या तारीख-वेळेची दुरुस्ती

मी पुण्यात शनिवार-रविवार मँडरिन शिकवते. वर्गातले बहुतेक जण नोकरीवाले. कुणी खरेदी विभागात, कुणी साच्यांच्या कामात, कुणी मशिनरीच्या आयातीत. या मंडळींचं व्याकरण एक वेळ कच्चं चालतं, पण तारीख आणि वेळ चुकली की पैसे जातात. म्हणून दर बॅचला मी हीच दुरुस्ती नव्याने करत असते. आता एकदा लिहूनच ठेवते.

आधी लक्षणं. यातलं एक जरी ओळखीचं वाटलं, तर पुढे वाचा.

- तुम्ही ‘दोन दिवसांनी’ म्हणता, समोरचा दुपारी दोननंतर फोन करतो.
- ‘दोन महिने लागतील’ असं सांगायचं असतं, समोरचा फेब्रुवारी लिहून घेतो.
- सोमवारची मीटिंग ठरवता, तो मंगळवारी हजर होतो.
- ईमेलमध्ये तारीख अगदी नीट लिहिलेली असते, तरी माल दोन महिने उशिरा निघतो.
- ‘मागच्या’ म्हणायला जाता आणि ‘पुढच्या’ होऊन बसतं.
- फोनवर चार की दहा, हे दर वेळी परत विचारावं लागतं.

या सगळ्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच खोड असते. आपण मराठीतून इंग्रजीत जातो आणि तिथून चिनीत. हा वळसा टाळला की निम्मी गडबड तिथेच थांबते. उरलेल्या निम्मीत मराठी स्वतःच पाय अडकवते, तेही पुढे सांगते.

पहिली तपासणी : तिरक्या रेघेची तारीख

फुकटचं काम आहे, म्हणून आधी हे. तुम्ही ०५/०३ लिहिलंत की आपल्याला ती ५ मार्च दिसते. चिनी माणूस आधी महिना, मग दिवस वाचतो, म्हणजे त्याच्यासाठी ३ मे. दोन महिन्यांचा उशीर तिथून आला. बाराच्या पुढचा दिवस असेल तर चूक लगेच उघडी पडते. बाराच्या आतला असेल तर ती गुपचूप बसून राहते आणि माल निघायच्या वेळी कळते.

क्रम कायम मोठ्याकडून लहानाकडे : वर्ष (न्येन), महिना (यूए), दिवस, मग वार, मग सकाळ-दुपार, मग तास, मग मिनिटं. दिवसासाठी लिहिताना ‘रि’, बोलताना ‘हाव’. लिपीत महिन्याची खूण म्हणजे चंद्र आणि दिवसाची खूण म्हणजे सूर्य, त्यामुळे ही दोन अक्षरं पहिल्या दिवशीच पाठ होतात. आकडे आपले नेहमीचे, मध्ये ही तीन अक्षरं टाकायची, तिरकी रेघ अजिबात नाही. वर्षाचा आकडा एकेक अंक सुटा वाचायचा : २०२६ म्हणजे ‘अर लींग अर ल्यू न्येन’. ‘दोन हजार सव्वीस’ असं जोडून म्हणायच्या भानगडीत पडू नका.

दुसरी : वार कुठून मोजताय?

चिनीत वारांना ग्रहांची नावं नाहीत, आकडे आहेत. ‘शिंगछी’ म्हणजे आठवडा. त्याला एक लावला की सोमवार (शिंगछी ई), दोन लावला की मंगळवार (शिंगछी अर), असं शनिवारपर्यंत सहा. आपण मात्र शाळेपासून रविवार-सोमवार-मंगळवार म्हणत आलो, त्यामुळे डोक्यात रविवार एक नंबरला बसलेला असतो आणि सोमवारला आपोआप ‘दोन’ लागतो. बोटं सोमवारपासून मोजा.

‘शिंगछी छी’, म्हणजे ‘वार सात’, असं काही नसतं. रविवारला ‘शिंगछी थ्येन’ किंवा लिहिताना ‘शिंगछी रि’. ‘चोउ’ आणि ‘लीपाय’ हे शब्दही आठवड्यासाठी कानावर पडतील, आकडे तेच.

तिसरी : रोमन लिपी झाका, देवनागरीत लिहा

आता त्या दोन वाजताच्या फोनची गोष्ट. चाकणच्या एका कारखान्यात खरेदी बघणारा माझा विद्यार्थी. त्याला चीनमधल्या पुरवठादाराला सांगायचं होतं की कागद दोन दिवसांनंतर पाठवतो. तो म्हणाला, ‘ल्यांग त्येन ईहोउ’. समोरून ‘हाव, हाव’ (ठीक, ठीक) आलं. त्याच दिवशी आपल्याकडे साडेअकराला फोन वाजला : कागद कुठे आहेत? तिकडे दुपारचे दोन वाजले होते.

चूक एका अक्षराची. दिवस म्हणजे ‘थ्येन’. वाजले म्हणजे ‘त्येन’. ‘ल्यांग थ्येन ईहोउ’ म्हणजे दोन दिवसांनंतर, ‘ल्यांग त्येन ईहोउ’ म्हणजे दोन वाजल्यानंतर. दोन्ही वाक्यं बिनचूक, म्हणून समोरच्याला शंका यायचं कारणच नव्हतं. सुरांतही फरक आहे, पहिला सपाट आणि दुसरा खाली दबलेला, पण नवशिक्याच्या सुरावर कुणी विसंबून राहत नाही.

हे होतं कसं? चिनी शब्द रोमन लिपीत लिहायच्या पद्धतीत पहिल्या शब्दाला ‘टी’ आणि दुसऱ्याला ‘डी’ असतो. आपण इंग्रजीतला ‘टी’ भारतीय सवयीने ‘ट’ म्हणतो, त्यात हवा नसते. चिनी कानाला बिनहवेचा ‘ट’ म्हणजे त्यांचा ‘डी’च. त्यांच्या भाषेत फरक आहे तो त-थ, प-फ, क-ख, च-छ यांचा. म्हणजे जे आपण पहिलीत पाटीवर गिरवलं, तेच. आणि आपण हातातलं सोडून रोमन लिपीतून शिकतो.

म्हणून एक वही घ्या. पाठ्यपुस्तकातला ‘टी’ दिसला की ‘थ’ लिहा, ‘डी’ला ‘त’. ‘पी’ला ओठ जुळवून ‘फ’, ‘बी’ला ‘प’. ‘के’ला ‘ख’, ‘जी’ला ‘क’. ‘क्यू’ला ‘छ’, ‘जे’ला ‘च’. अर्धा या अर्थाचा शब्द मग सरळ ‘पान’ होतो, विड्याचं म्हणा नाहीतर पुस्तकाचं. देवनागरीत सगळंच बसत नाही (सूर तर मुळीच नाहीत), पण तारीख-वेळेपुरती ही वही पुरते.

चौथी : मधला ‘क’ पडलाय का?

‘सान यूए’ म्हणजे मार्च. ‘सान क यूए’ म्हणजे तीन महिने. मधला तो ‘क’ मोजणीचा आहे. तो असला की तुम्ही महिने मोजताय, नसला की महिन्याचं नाव घेताय. ‘शिंगछी सान’ बुधवार, ‘सान क शिंगछी’ तीन आठवडे, तोच हिशोब. दिवस आणि वर्ष यांना मात्र ‘क’ लागत नाही : ‘सान थ्येन’, ‘सान न्येन’.

घड्याळातही जोडी आहे. ‘सान त्येन’ तीन वाजले, ‘सान क श्याओषि’ तीन तास. श्याओषि म्हणजे शब्दशः ‘लहान तास’. जुन्या चीनमध्ये दिवसाचे बारा मोठे भाग करत, आजचा तास त्यातल्या एकाचा अर्धा, म्हणून लहान. आपल्या प्रहरात तीन तास बसतात, त्यांच्या त्या मोठ्या भागात दोन.

पाचवी : दोनाचे दोन शब्द

दोनाला नाव म्हणून वापरायचं तर ‘अर’, मोजायचं तर ‘ल्यांग’. फेब्रुवारी ‘अर यूए’, दोन तारीख ‘अर हाव’, मंगळवार ‘शिंगछी अर’. दोन महिने ‘ल्यांग क यूए’, दोन दिवस ‘ल्यांग थ्येन’. लक्षणांतला फेब्रुवारी इथे सापडतो : ‘क’ गाळला आणि ‘अर यूए’ म्हटलं, की दोन महिन्यांचा फेब्रुवारी झालाच.

अपवाद एकच पाठ करा : दोन वाजता म्हणजे ‘ल्यांग त्येन’. आणि बाराला मात्र ‘षिअर त्येन’च.

सहावी : दीड, अडीच, पावणे

इथे आपण श्रीमंत आहोत आणि त्याचाच त्रास होतो. ‘अडीच’मध्ये दोन दिसत नाहीत, ‘दीड’मध्ये एक दिसत नाही. त्यामुळे अडीच म्हणताना विद्यार्थी घुटमळतो आणि घाईत ‘सान त्येन पान’ म्हणून जातो. ते साडेतीन झाले. आधी शब्द फोडा, मग बोला. चिनीत अर्धा नेहमी मागून येतो : दीड वाजता ‘ई त्येन पान’, अडीच वाजता ‘ल्यांग त्येन पान’, साडेतीन ‘सान त्येन पान’.

पावणे मात्र तंतोतंत जुळतं. पावणेतीन म्हणजे पाव उणे तीन, चिनीत ‘छा ई ख सान त्येन’, पाव कमी तीन. मराठी शब्द मनात धरून बोलत जा, क्रमसुद्धा तोच. सव्वातीन ‘सान त्येन ई ख’. हा ‘ख’ म्हणजे कोरलेली खूण, पाण्याच्या घड्याळाच्या पट्टीवरची. पूर्वी दिवसाचे असे १०० भाग करत, पुढे ९६ झाले, म्हणून आज तो नेमका पंधरा मिनिटांचा.

तासांच्या मोजणीत जागा बदलते. अर्धा तास ‘पान क श्याओषि’, पण दीड तास ‘ई क पान श्याओषि’. नुसता अर्धा असेल तर ‘क’च्या आधी, आकड्याबरोबर असेल तर नंतर. सरावाला वाक्य तयारच आहे : चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, ‘ल्यांग क पान श्याओषि’. अख्ख्या चीनमध्ये पेइचिंगची एकच अधिकृत वेळ चालते, त्यामुळे शहर कुठलंही असो, हिशोब बदलत नाही.

सातवी : मागे आणि पुढे

या तपासणीत सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि ही चूक मीही वर्षभर केली आहे.

‘छ्येन’ म्हणजे समोर, ‘होउ’ म्हणजे पाठीमागे. आता ‘छ्येनथ्येन’ म्हणजे कोणता दिवस? मराठी डोकं म्हणतं : समोरचा, पुढचा, म्हणजे येणारा. उलट आहे. छ्येनथ्येन म्हणजे होऊन गेलेला परवा, होउथ्येन म्हणजे येणारा परवा. आपल्याकडे ‘पुढच्या वर्षी’ येतं आणि ‘मागच्या वर्षी’ सरतं. चिनीत गेलेलं समोर असतं आणि येणारं पाठीमागे.

त्यात आपला ‘परवा’ दोन्हीकडचा. ‘परवा आलो’, ‘परवा येईन’. क्रियापद बघून आपण दिशा ठरवतो. चिनी क्रियापद काळाप्रमाणे बदलतच नाही, त्यामुळे दिशेचं सगळं ओझं या एका शब्दावर पडतं. तो उलटा पडला की सावरायला वाक्यात बहुतेक वेळा दुसरं काही नसतं.

मला जी चावी सापडली ती मराठीतलीच. आपण ‘मागाहून कळवतो’ म्हणतो तेव्हा नंतर कळवतो. तिथे ‘माग’ येणाऱ्या वेळेत आहे. आणि ‘अगोदर’मध्ये अग्र आहे, पुढचं टोक, तरी अर्थ आधीचा. बस्स. होउ म्हणजे ‘मागाहून’, छ्येन म्हणजे ‘अगोदर’. ‘पुढचा-मागचा’ ही जोडी तारखेपुरती डोक्यातून काढून टाका आणि ‘अगोदर-मागाहून’ ठेवा. ‘ईछ्येन’ अगोदर, ‘ईहोउ’ मागाहून. तेरवासुद्धा आहे : ‘ताहोउथ्येन’.

आठवडा आणि महिना यांना वेगळी जोडी, वर आणि खाली. ‘षांग क यूए’, वरचा महिना, म्हणजे गेला. ‘श्या क यूए’, खालचा, म्हणजे येणारा. पत्रात आपण ‘वरीलप्रमाणे’ लिहितो ते सांगून झालेलं असतं आणि ‘खालीलप्रमाणे’ अजून यायचं असतं. तीच दिशा.

वर्षाचं गंमतशीर आहे. ‘छ्यू’ म्हणजे जाणे, म्हणून ‘छ्यून्येन’ म्हणजे शब्दशः गेलं वर्ष. इंग्रजीतून गेलात तर हे पाठ करावं लागतं, मराठीतून गेलात तर आयतं मिळतं.

एक सूचना : रविवारी बोलत असाल तर ‘श्या क शिंगछी ई’ हा उद्याचा सोमवार, कारण चिनी आठवडा सोमवारी सुरू होतो. आपल्या मनात पुढच्याच्या पुढचा असू शकतो. आठवड्याच्या काठावर वार सांगू नका, तारीख सांगा. रात्री बारानंतरच्या वेळेचंही तसंच. आपण ‘रविवारी रात्री दीडला’ सहज म्हणतो, तिकडे तो सोमवारचा ‘लींगछन’ असतो. विमानाच्या वेळेत हे फार महागात पडतं.

आठवी : वेळ वाक्यात कुठे बसवली?

‘मी उद्या दुपारी तीन वाजता मीटिंग घेतो.’ चिनीत ‘वो मिंगथ्येन श्यावू सान त्येन खायहुई’. शब्दाखाली शब्द ठेवून बघा, क्रम तोच. वेळ शेवटी ढकलायची खोड इंग्रजीची.

पण ‘किती वेळ’ हे सांगताना मराठी फसवते. ‘मी दोन तास झोपले’ हे चिनीत ‘झोपले दोन तास’ होतं : ‘वो षुई-ल ल्यांग क श्याओषि’. आपण जोर द्यायला ‘झोपले चांगली दोन तास!’ म्हणतो ना, तो क्रम तिथे साधा आहे. केव्हा हे क्रियापदाच्या आधी, किती वेळ हे नंतर.

नववी : आकडे बरोबर, पण पंचांग वेगळं

पुरवठादार म्हणतो, ‘षिई’ झाल्यावर पाठवतो. तुम्ही अकरा तारीख लिहून घेता. षिई म्हणजे अकरा खरंच, पण दहा-एक, म्हणजे १ ऑक्टोबर, हाही अर्थ आहे. १९४९ सालचा तो राष्ट्रीय दिन, आणि त्याला जोडून लांब सुट्टी असते. तसंच ‘वूई’ म्हणजे १ मे. शिवाय अशा सुट्ट्यांच्या बदल्यात आसपासचा एखादा शनिवार किंवा रविवार कामाचा करतात, तेव्हा तिकडच्या ‘रविवारी सुट्टीच’ असं धरून चालू नका.

वडीलधाऱ्यांचे वाढदिवस आणि सण ‘नुंगली’ने, म्हणजे चांद्र पंचांगाने चालतात. महाराष्ट्रातल्या माणसाला हे परकं नाही. महिना अमावास्येपासून अमावास्येपर्यंत, अधूनमधून अधिक महिना (रुनयूए). फरक इतकाच की पक्ष नाहीत, एकापासून एकोणतीस-तीसपर्यंत सलग मोजणी, पहिल्या दहा दिवसांना ‘छू’ लावतात. तारखेत ‘छू’ ऐकू आलं, किंवा महिन्याचं नाव ‘चंगयूए’ (पहिला) वा ‘लायूए’ (बारावा) असेल, तर थांबा, ती इंग्रजी तारीख नाही. त्यांचा चंद्राचा सण आठव्या महिन्याच्या पंधराव्याला : २०२४ मध्ये तो आपल्या अनंत चतुर्दशीच्या दिवशी, १७ सप्टेंबरला आला, २०२५ मध्ये त्यांचा सहावा महिना दोनदा झाला आणि सण सरकून कोजागरीच्या दिवशी, ६ ऑक्टोबरला पडला.

तैवानच्या कागदावर वर्ष ११३ दिसलं तर घाबरू नका. त्यांचा सन १९१२ पासून, म्हणून १९११ मिळवा, २०२४ आलं. आपण शकात ७८ मिळवतो तसंच.

दहावी, आणि सगळ्यात चिवट : चार की दहा

चार ‘सि’, दहा ‘षि’. चाराचा सूर वरून खाली आपटतो, रागाने ‘नाही!’ म्हटल्यासारखा. दहाचा खालून वर चढतो, ‘हो?’ असं विचारल्यासारखा. दक्षिणेकडचे आणि तैवानचे बरेच लोक ‘ष’चा ‘स’ करतात, मग हातात उरतो फक्त सूर. आणि मग १४ (षिसि) आणि ४० (सिषि).

तात्पुरता उपाय स्वस्त आहे. आकड्याआधी दिवसाचा भाग न चुकता लावा : सकाळचे दहा ‘षांगवू षि त्येन’, दुपारचे चार ‘श्यावू सि त्येन’. सकाळी चारला किंवा रात्री दहाला सहसा कुणी मीटिंग ठेवत नाही, त्यामुळे चूक झाली तरी पकडली जाते. व्हिडिओ कॉल असेल तर चार बोटं दाखवा. दहाला ते दोन तर्जन्यांची फुली करतात.

कायमचा उपाय कानाचा आहे, आणि त्याला आठवडे लागतात. ४:१०, १०:०४, ४:१४, १०:४०, ४:४४ या पाच वेळा रोज मोबाइलवर रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी कागद न बघता ऐका आणि काय ऐकू आलं ते लिहा. स्वतःचंच बोलणं स्वतःला कळलं नाही, तर समोरच्याला कुठून कळणार?

इथे हात थांबवा

करारातली मुदत, बँकेच्या पतपत्राची तारीख, व्हिसाचं निमंत्रणपत्र, दवाखान्याचे किंवा कोर्टाचे कागद यातलं काही असेल तर वरच्या दहाही तपासण्या पार केल्या असल्या तरी स्वतः भाषांतर करू नका. व्यावसायिक अनुवादकाकडे द्या आणि आकडे त्याच्यासमोर बसून ताडून घ्या. चांद्र जन्मतारीख सरकारी कागदासाठी बदलायची असेल, तरीही तेच. त्याची फी एका चुकलेल्या कंटेनरपुढे काहीच नाही.

आणि महिनाभर रेकॉर्डिंग करूनही चार आणि दहा वेगळे होत नसतील, तर ॲपवर आणखी वेळ घालवू नका. ॲप अंदाजाने बरोबर मानून पुढे जातं. सूर ऐकू शकणाऱ्या शिक्षकासमोर तीन-चार तासिका बसा. जाताना रेकॉर्डिंग घेऊन जा, सगळ्यात जुनंही. पहिल्याच तासाला सांगा की संवाद वगैरे नको, मला फक्त या पाच वेळा म्हणायच्या आहेत.